गणपूर्ती

आमच्या समितीची बैठक कधी भरायची
ते भरतीचा तक्ता ठरवतो.
ओहोटी लागली की दोन-अडीच तास सापडतात,
तेवढ्यात बांधावरून चालायचं, भांडायचं,
आणि मी ते भांडण सोडून बाकीचं लिहायचं.

मी चिटणीस. बिनपगारी.
शाळेतून निवृत्त झाले तेव्हा अक्षर चांगलं होतं,
एवढाच गुन्हा.

अध्यक्ष कायतान. बत्तीस वर्षं जहाजांवर भंडारी होता,
सगळे समुद्र वरून पाहिलेला माणूस
आता चोडणच्या खाडीत कमरेएवढा उतरून
मानशीच्या दाराखालचा गाळ उपसतो.
मानस. घाटावर याचा अर्थ मन.
आमच्याकडे पाण्याचं दार:
ओहोटीला आपणच उघडतं, भरतीला मिटतं,
फळी कुजली की दोन्ही वेळा उघडं.

फळ्या सगुण च्यारी बघतो.
वाकडी फळी आणि वाकडा माणूस
दोघांनाही एकाच आवाजात नावं ठेवतो,
म्हणून वर्गणी मागायला त्याला पाठवत नाही.

खजिनदार एस्पेरांसाबाय
मनात पोर्तुगीजमध्ये बेरीज करते,
तोंडाने कोंकणीत सांगते,
मी मराठीत उतरवते.
बिस्किटांच्या डब्यात अजून एक रुपया चुकलेला नाही.

आणि विशांत, फेरीबोटीवरचा खलाशी, वय चोवीस.
खेकड्यांची बिळं शोधतो.
"खेकडा बांध फोडत नाही, बाई,
तो फक्त पाण्याला वाट दाखवतो."
हे वाक्य मी इतिवृत्तात घेतलं होतं.
कायतानने खोडायला लावलं. म्हणाला, ठराव वाटत नाही.

अकरा जणांत सहा लागतात.
सहा सहसा जमत नाहीत.
मग नियमाप्रमाणे अर्धा तास तहकूब,
मग नियमाप्रमाणे तीच बैठक, तेच पाच.

सर्वपित्रीच्या रात्री थोरल्या बांधाला खांड पडली.
कोरगुट पोटरीतून बाहेर आलेलं, कणीस भरत होतं.
कपेलची घंटा कोणी वाजवली ते मला आजही माहीत नाही.
मी पोचले तेव्हा टॉर्चच टॉर्च,
पिंडांचा भात आवरून आलेले,
रोझरी अर्ध्यावर ठेवून आलेले,
चिखल, पेंढा, बांबू, हाताहाताने.
मी मोजायला लागले आणि त्रेचाळीसला सोडून दिलं.

त्यात आवेलिन होता.
ज्याने मासळीसाठी शेत बुडवलं,
रात्री मानशीत दगड अडकवून दार उघडं ठेवलं,
ज्याच्यावर आमचे सात ठराव, तीन अर्ज,
आणि कायतानचा तो सख्खा भाऊ.
होडी भरून जांभा दगड आणला होता,
स्वतःच्या कुंपणासाठी चिरून ठेवलेला.
कायतानने हात पुढे केला. दगड घेतला.
दुसरा घेतला.
पहाटेपर्यंत ते दोघे
दगडाखेरीज काही बोलले नाहीत.

सकाळी मी वही उघडली.
उपस्थित:
पुढे काय लिहू?
आवेलिन खांड ओलांडून माझ्यापाशी आला, म्हणाला,
"माझं नाव नको. उद्या तुम्हाला माझ्यावर
परत अर्ज करावा लागेल."

करावा लागला. ऑक्टोबरात.

पुढच्या बैठकीला आम्ही पाच.
कायतानने गुडघ्याचं कारण देऊन अध्यक्षपद सोडलं,
आणि सगळ्यांना अचानक खाडीपलीकडचं काहीतरी दिसायला लागलं.
एस्पेरांसाबायने डबा वाजवला:
"पोराला करा. त्याला बिळं दिसतात."
विशांत म्हणाला, मला सही नीट येत नाही.
सगुण म्हणाला, फळी तरी कुठे सरळ असते.

गणपूर्ती नव्हती. अर्धा तास तहकूब.
मी घड्याळ लावून बसले.
होऊ घातलेला अध्यक्ष तेवढ्यात
चप्पल काढून उताराला गेला,
आणि सतरा बिळं बुजवून आला.

वहीत त्याला रकाना नाही.
समासात लिहून ठेवलंय, पेन्सिलने.